हवापालटाचं गाव

आंबेघाट हे एकेकाळी हवापालटाचं गाव. मुंबईची दमेकरी पोरं इथे यायची आणि महिन्याभरात जांभळी जीभ दाखवत झाडांवर चढायची. आता इथल्याच पोरांना धाप लागायची. उन्हाळा दरसाल वाढत होता, आणि त्यात नगराध्यक्ष दिनकरराव पार्किंगसाठी जांभळांची राई तोडायला निघाले होते.

राई वाचवा म्हणून सांगायला मृण्मयी दमेकरी लेकीला कडेवर घेऊन नगरपालिकेच्या सभेला आली. आरशासमोर झक्क जमलेलं भाषण इथे काही केल्या आठवेना. मग तिने नेहमीप्रमाणे मुलांच्या डॉक्टर उषाताईंकडे बघितलं. लहानपणी तीही त्यांचीच पेशंट.

उषाताई उठताच दिनकरराव हसले. "डॉक्टरबाई, हवामानबदल हा मोठ्यांचा विषय. तुम्ही पोरांना औषध लिहा, झाडांचं आम्ही बघतो."

"लिहिते की! पण आधी सांगा, लहानपणी तुमच्या दम्याला कोणतं औषध लागू पडलं?"

"हवापालट! आजोबांनी मुंबईहून इथे आणलं. त्या राईत हुंदडूनच बरा झालो." हा किस्सा ते प्रत्येक भाषणात सांगत.

उषाताईंनी पेन उघडलं. "मग या पोरीलाही हवापालटच लिहिते. गावाचं नाव तेवढं तुम्ही सांगा. आंबेघाटच्या पोरांना आता पाठवायचं कुठे?"

दिनकररावांची नजर मृण्मयीच्या लेकीच्या धपापणाऱ्या छातीवर थांबली.

"आंबेघाटच लिहा," ते हळूच म्हणाले, आणि कारकुनाकडे वळले. "राईला हात लावायचा नाही."