परीची शर्त आणि वेणूची शर्यत

आटपाट नगर नव्हतं, राजा नव्हता, राणीही नव्हती. होता फक्त मोगऱ्याचा एक मळा. पहाटे त्यात टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र कळ्या डोलायच्या आणि दवाचे चिमुकले थेंब त्यांच्या अंगावर लुकलुकायचे. मळा होता दुसऱ्याचा. कळ्या तोडायचं काम वेणूच्या आईचं, त्याला वेणूचाही हातभार, आणि टोपली डोक्यावर घेऊन फाट्यावरची एसटी गाठायचं काम वेणूचं. गाडी चुकली की कळ्या वाटेतच उमलायच्या, आणि उमललेली फुलं शहरातल्या हारवाल्यांना नको असायची. म्हणून वेणू पळायची, तीही अनवाणी. पायात खडे रुतायचे, काटे बोचायचे. घरी कधी भाकरीबरोबर कालवण असायचं, कधी नुसतीच चटणी. पण दहा वर्षांची ही पोर अशी भन्नाट सुटायची, की कंडक्टरकाका म्हणायचे, "आली बघा आमची दुसरी एसटी! हिला उशीर म्हणून ठाऊक नाही!"

वेणूला खोड एकच होती. तिला प्रश्न पडायचे. मुंग्या रांग का मोडत नाहीत? फुलाला वास आहे, मग पानाला का नाही? आई म्हणायची, "वेणे, हात चालीव. प्रश्न गाडी गेल्यावर इचार."

आता मात्र एक प्रश्न असा पडला होता, की त्याच्यापायी वेणूला घास गोड लागेना. तालुक्याला धावण्याच्या स्पर्धा होत्या. जी मुलगी शर्यतीत पहिली येईल, तिला जिल्ह्याच्या क्रीडाशाळेत जागा मिळणार होती. तिथं बूट होते, रोज दूध होतं आणि पळायला शिकवणारी माणसं होती. पण एका मुलीनं नाव द्यायचं एकाच शर्यतीत. शंभर मीटर, दोनशे, की चारशे? कंडक्टरकाका म्हणाले, "डोळे मिटून शंभर घे." मामा म्हणाला, "दोनशे घे, शंभरला गर्दी फार." चारशेचं नावही कुणी काढलं नाही. शाळेचं अंगण एवढंसं, की शंभरच्या पुढे पळायचं तर भिंतच आडवी यायची. खेळाच्या कांबळेबाईंनी सांगितलं होतं, "तुझं तू ठरव, वेणू. पण बुधवारी कागद भरून आण."

आणि आज बुधवार उजाडला होता.

कळ्या तोडता तोडता वेणूचा हात एका कळीपाशी गेला, तोच कळी शिंकली. हो, चक्क शिंकली!

"अगं बाई, सर्दी झालीय वाटतं हिला," वेणू पुटपुटली. तिनं ती कळी तोडली नाही. उलट शेजारचं एक कोवळं पान अलगद तिच्यावर पांघरलं.

लगेच कळीची पाकळी न् पाकळी उलगडली आणि आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. तिचा झगा गुलाबी होता आणि इवले इवले पंख चंदेरी.

"तोडलं नाहीस, वर पांघरूणही घातलंस!" परी म्हणाली. "माग, तीन इच्छा माग. दव वाळायच्या आत मला परत जायचंय. पण ऐक हं, प्रत्येक इच्छेला एक शर्त असते."

"शर्यत असते?" वेणूचे डोळे लकाकले. "कितीची? शंभरची की दोनशेची?"

"शर्यत?" परी गोंधळली. "ते काय असतं गं?"

"सगळ्यांनी एकदम निघायचं आणि सगळ्यांच्या आधी दोरीपाशी पोचायचं."

"दोरीपाशी काय असतं?"

"काही नाही. दोरी असते."

"मग एवढी घाई कशाला?"

साऱ्या गावाला प्रश्नांनी भंडावणाऱ्या मुलीला आज शेरास सव्वाशेर भेटली होती!

"थांब, पळूनच दाखवते," ती म्हणाली. "माझी पहिली इच्छा, मला शंभर मीटर खऱ्या मैदानावर पळू दे."

"दिलं! शर्त एवढीच, की मागं वळून बघायचं नाही."

परीनं चुटकी वाजवली. झुडपांच्या मधून लालचुटुक पट्टी उलगडली, तिच्यावर पांढऱ्याधोप रेघा उमटल्या. वेणूच्या पायांत हळदीच्या रंगाचे बूट आले. आठ फुलपाखरं शेजारी येऊन उभी राहिली. एक, दोन, तीन... आणि वेणू पहिली!

"संपली?" परीनं विचारलं.

"संपली." वेणूला हसू आलं आणि जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं. "आता चारशे. अख्खी फेरी!"

"दिली! पण मध्येच थांबलीस, तर इच्छा फुटली म्हणून समज."

या वेळी लाल पट्टी लांबच लांब गेली. पहिलं वळण विहिरीला वळसा घालून आलं, मग पाटाच्या कडेनं सरळ वाट, आणि पुढे दुसरं वळण शेवग्याच्या दाट रांगेमागे दिसेनासं झालं. त्या रांगेमागे काय असेल? वेणूला राहवेना. ती पळत सुटली. परी शेजारून उडत होती. तिलाही राहवेना. "मलापण पायांनी पळून बघायचंय!" म्हणत तिनं पंख मिटले, खाली उडी मारली, तीन पावलं धावली आणि खड्याला अडखळून कोलमडली.

"आई गं!"

दुसरं वळण अगदी चार पावलांवर आलं होतं. तरी वेणू थांबली. फट्! पट्टी गेली, बूट गेले, फुलपाखरं गेली. वेणूनं परीला ओंजळीत उचललं. तिचा एक पंख मधोमध फाटला होता.

"अजून एक इच्छा आहे," परी कण्हत म्हणाली. "पहिला नंबर माग, वेणू. तोही देता येतो मला. शर्त एवढीच, की ती शर्यत पळाल्याचं तुला काही आठवणार नाही."

खोटं कशाला सांगू, वेणूला मोह झाला. क्रीडाशाळा, दूध, बूट, सगळं नुसतं मागायचा अवकाश होता.

"आणि तुझा पंख?" तिनं विचारलं.

"फाटक्या पंखानं परत जाता येत नाही. दव वाळलं की मी इथलीच एक कळी होईन," परी हळूच म्हणाली.

"मग माझी तिसरी इच्छा, तुझा पंख बरा होऊ दे."

"अगं वेडे, आणि तुझा पहिला नंबर?"

"पळालेलंच आठवलं नाही, तर आईला सांगू काय? आणि तू कळी झालीस, तर उद्या मलाच तुला तोडावं लागेल. शर्त काय ते सांग लवकर."

"दुसऱ्यासाठी मागितलेल्या इच्छेला शर्त नसते," परी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पंख सांधला. परी भिरभिरत वर गेली. "वेणू, त्या वळणामागे काय होतं गं? बघायचं राहूनच गेलं."

"माझंही!"

सोनेरी, गुलाबी, मग लख्ख पांढरा उजेड पडला, आणि परी त्या उजेडातच विरून गेली.

"वेणे, गाडी!" आईची हाक आली. वेणूनं टोपली उचलली आणि धूम ठोकली. शाळेत पोचल्या पोचल्या तिनं कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, चारशे मीटर.

स्पर्धेच्या दिवशी आई काम टाकून आली, कंडक्टरकाकाही आले. शिट्टी वाजली. पहिलं वळण झालं, सरळ वाट झाली, आणि दुसऱ्या वळणावर वेणूचे पाय जडशीळ झाले. छातीचा भाता झाला होता आणि दोन मुली पुढे होत्या. कंडक्टरकाकांनी तर कपाळाला हात लावला. पण वेणूच्या मनात एकच होतं, वळणामागे काय आहे? ती वळण संपवून बाहेर आली, तिनं समोर पाहिलं आणि पळता पळता खुदकन हसली. मग ती जी सुटली, तिनं एकीला मागं टाकलं, दुसरीला मागं टाकलं आणि दोरी छातीनंच तोडली.

वेणू पहिली आली. क्रीडाशाळेची जागा तिची झाली. आईनं तिला कवटाळलं.

"पोरी, तू तर पार दमली होतीस," कांबळेबाई म्हणाल्या. "मग हसलीस कशाला? काय दिसलं तुला तिथं?"

"बाई, तिथं शंभर मीटर होते!" वेणू धापा टाकत म्हणाली. "नुसते सरळ, माझे शंभर मीटर! मला वाटलं होतं, मी ते सोडून दिले. आणि ते तिथं माझीच वाट बघत होते!"

अशी ही हजार प्रश्नांची कहाणी चारशे मीटरांत सुफळ संपूर्ण.