गोजराबाईची मोकळी वाट

जरा बाजूला उभे राहा. वाटेत थांबायचं नाही, एवढा एकच नियम आहे इथे. हे हिरवं कुंपण आमच्या चिलारवाडीच्या सगळ्या शिवाराला वेढा घालतं आणि नेमकं इथे येऊन तुटतं. पाहुणे विचारतात, एवढं गावानं मिळून लावलं, मग हीच जागा का सोडली? माणसं कंटाळली का? कंटाळली नाहीत. बसा या दगडावर, सांगतो. आधी त्या शेराच्या फांदीवरचा हात काढा. चीक डोळ्यांत गेला, तर गोष्ट ऐकायच्या आधीच रडाल.

फार पूर्वी इथे जिवंत कुंपण नव्हतं. दरवर्षी टेकडीवरच्या बोरी-बाभळी तोडायच्या, काटेरी फांद्या बांधावर रचायच्या, की झालं कुंपण. होळी आली की गावातली पोरं तेच काटे ओढून होळीत घालायची. होळीला गेलेलं परत मागायचं नाही आणि कुणी नेलं हे विचारायचंही नाही, अशी तेव्हाची रीत. पुढच्या वर्षी पुन्हा टेकडीवर कुऱ्हाड. होता होता टेकडी बोडकी झाली. लपायला झुडूप उरलं नाही, तशी रानडुकरं शिवारात उतरू लागली.

गोजराबाईचं शेत अगदी कडेला, इथेच होतं. तिचा नवरा राणोजी उभ्या ज्वारीची राखण करायचा. एका होळीला पोरांनी त्यांचं अख्खं कुंपण ओढून नेलं. मोकळ्या बांधावरून डुक्कर आत शिरलं आणि हाकलायला धावलेल्या राणोजीला त्यानं सुळ्यांनी फाडलं. राणोजी त्यातून उठला नाही.

सुतक फिटल्यावर गोजराबाई चावडीवर गेली, असे सांगतात. तेव्हा सुभानजी पाटील होते. माणूस वाईट नव्हता, पण रितीपुढे त्यांचं तोंड बंद. "होळीचं मागता येत न्हाई, बाई," एवढंच ते म्हणाले.

"मागत न्हाई," गोजराबाई म्हणाली. "होळीला खाता येणार न्हाई असं कुंपण लावीन. ते शिवाराभवती पुरं हुईस्तवर पुरणाची पोळी तोंडाला लावायची न्हाई."

तिनं शेराच्या आणि निर्गुडीच्या ओल्या काड्या आणल्या, कारण त्यांना शेळ्या तोंड लावत नाहीत. त्यांच्या आडोशाला, आतल्या अंगाला, बोरीच्या बिया टाकल्या. भांडी घासलेलं पाणी हंड्यानं आणून घालायची. गाव हसायचं. पुढच्या होळीला पोरांनी सवयीनं तेही उपटलं आणि आगीत टाकलं. शेराचा धूर असा झोंबला म्हणे, की बोंब मारायला उघडलेली तोंडं मिटली आणि सगळं गाव डोळे चोळत घरी पळालं. राणोजी गेला तेव्हा जे रडले नव्हते, तेही त्या दिवशी रडले. आमच्याच पूर्वजांबद्दल मी आणखी काय बोलू! दुसऱ्या दिवशी गोजराबाई नव्या काड्या घेऊन बांधावर हजर.

कुंपण वाढलं. त्यात मुंगूस आलं, तित्तर आले, सातभाईंचा कलकलाट सुरू झाला. मग एका साली ज्वारीवर अळी पडली. इतरांच्या पिकाची चाळण झाली आणि गोजराबाईच्या शेतात मात्र पाखरं अळी वेचून खात होती. तेव्हा सुभानजी पाटील पागोटं काखेत धरून तिच्या बांधाशी आले, काड्या मागायला.

"देते की," ती म्हणाली. "पर ज्यानं त्यानं आपल्या हातानं लावायच्या. अन् टेकडीला कुऱ्हाड लावायची न्हाई."

टोमणा नाही, राग नाही. मला या बाईचं नवल वाटतं ते इथे. त्यानंतर सगळं गाव कामाला लागलं. नवी सून आली की उंबरठा ओलांडायच्या आधी माहेराहून आणलेलं रोप कुंपणात लावायची. असं करत करत वर्षं गेली आणि शेवटी गोजराबाईच्या बांधाला लागून एवढीच जागा बुजवायची राहिली.

होळीचाच दिवस होता. गोजराबाई आता पार थकली होती. तिचं व्रत फिटणार म्हणून बायका पुरणपोळीचं ताट घेऊन इथे आल्या. म्हातारे पाटील शेवटची काडी घेऊन उभे. बघतात तर गोजराबाई वाटेतच बसलेली. तिच्यासमोर मातीत खुरांचे ठसे होते.

"इथनं जनावरं माझ्या शेतापल्याडच्या तळ्यावर उतरत्यात," ती म्हणाली. "दुसरीकडं पाणी न्हाई त्यास्नी. हे बुजवू नका. माझ्या शेताची पट्टी सोडा, दोन्ही अंगानं काड्या लावा, पार तळ्यापतूर."

"जनावरं म्हंजी डुकरंच ना?" पाटील म्हणाले. "राणोजीला कुणी फाडलं, इसरलीस?"

"न्हाई इसरली. त्यांचं रान आपुन जाळलं, पाटील. तहान त्यास्नी बी लागती."

"पर मग कुंपण कवाच पुरं व्हायचं न्हाई. तुझी पोळी..."

"ऱ्हाऊ द्या."

तिनं ताटाला हात जोडले आणि ते परत पाठवलं. पुढे मरेपर्यंत तिनं पुरणाची पोळी खाल्ली नाही, असे सांगतात.

आजही आमची होळी नुसत्या गोवऱ्यांची असते. आजही नव्या सुना माहेरचं रोप घेऊन येतात. आणि आजही होळीच्या दिवशी गावातली पहिली पोळी, होळीच्याही आधी, या वाटेत ठेवतात. दिवस मावळल्यावर इकडे कुणी फिरकत नाही. सकाळी येऊन बघावं तर पोळी नसते आणि मातीत खूर उमटलेले असतात. शहाणी माणसं म्हणतात, डुकरानं खाल्ली. खाल्ली असेल की. आम्ही घरी जाऊन सांगतो, गोजराबाई जेवली.