पाचवं घर

"मग ही परडी कायमची खाली कधी ठेवणार, बुवा?"

भागवतनं तिसऱ्यांदा विचारलं. बुवांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही.

शुक्रवारची सकाळ होती. दगडूबुवा वनारसे ओट्यावर बसून संबळाचा पट्टा पुसत होते. शेजारी वेताची परडी. पाच पिढ्यांच्या हातांनी तिचा काठ गुळगुळीत झालेला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुवा ती घेऊन निघत आणि देवीच्या नावानं पाच घरी जोगवा मागत. मूठभर पीठ, पळीभर तेल, जे मिळेल ते. पाच घरं झाल्याशिवाय संबळाला काडी लागायची नाही, असा त्यांच्या घराण्याचा नेम.

बार्शीकडच्या आमच्या मुलखात असा संबळ दुसऱ्या कुणाचा नाही. मी त्यांच्याच गल्लीतला आहे, तेव्हा फुशारकी मारतोय म्हणा हवं तर. खोटं बोलत नाही.

भागवत उगले त्यांचाच शिष्य. अकरा वर्षं याच ओट्यावर शिकला. आता पुण्यात असतो. लोककलांना अनुदान कुणाला नि कसं द्यायचं, हे ठरवणाऱ्या सरकारी समितीचा तो उपाध्यक्ष. अंगात जाकीट, खिशाला दोन पेनं, आणि देवळापुढं उभी केलेली पांढरी गाडी.

"बुवा, संबळाची शाळा मंजूर झाली. तुमच्या नावानं! राज्यातली पहिली. पक्की इमारत, वीस मुलं, मुलांना विद्यावेतन, तुम्हाला दरमहा मानधन."

बुवांचा हात थांबला.

"वीस?"

"वीस."

बुवांचे डोळे भरून आले. गेली सहा वर्षं त्यांच्याकडं एकही पोरगं शिकायला आलं नव्हतं. ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण गल्लीला ठाऊक होतं.

"मोठं काम केलंस, भागवता. खरंच मोठं काम केलंस."

भागवतची मान आणखी ताठ झाली. त्यानं कागद पुढं केला.

"फक्त इथं सही. बुधवारी कागद मंत्रालयात पोचला पाहिजे. नाही पोचला तर शाळा दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. टपूनच बसलेत लोक."

बुवांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"'यापुढे मी दारोदार फिरून काहीही मागणार नाही.' ... ही ओळ कुणी घातली?"

"मी."

बुवांनी चष्मा काढला.

"बुवा, सरकारदरबारी अजून आपल्याला मागून खाणारे म्हणतात. समितीत पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, हा डाग मीच पुसणार. लहानपणी शाळेवरून जाताना मी ही परडी पाठीमागं लपवायचो. आठवतं?"

"आठवतं की."

"आमच्या सोसायटीत बघा. मागायला कुणी येऊच शकत नाही. गेटवर माणूस बसवलाय, पाटी लावलीय. पाटी मीच लावायला सांगितली."

"ठाऊक हाय."

"घरभरणीला तुम्हाला पत्रसुद्धा पाठवलं होतं. तुम्ही काही आला नाहीत." भागवतचा आवाज जरा दुखावलेला होता. "सगळे विचारत होते, गुरू कुठंयत तुमचे?"

बुवा पुन्हा पट्टा पुसायला लागले.

... 

"भागवता, सरकार देतंय हे चांगलंच हाय. त्यानं द्यायलाच पायजे. मी नाही म्हणायचा नाही. त्येबी एक घरच हाय."

मग त्यांनी तो कागद उचलला, नीट घडी घातली, परडीत ठेवला आणि वर हळदीकुंकवाची चिमूट सोडली.

"हे पयलं घर झालं."

भागवतला हसावं की रागवावं कळेना.

बुवांनी परडी त्याच्या हातात दिली.

"बाकीची तू माग."

"मी?"

"तूच. मी येतो की मागनं."

"बुवा, मी समितीवर आहे! गाडी उभी आहे तिथं. ड्रायव्हर बघतोय."

"बघू दे. लखपतीची बायकोबी मंगळवारी अनवाणी निघून पाच घरं मागती. तिला कुणी भिकारीण म्हणतं का? ... चपला काढ."

अकरा वर्षांची सवय. भागवतनं चपला काढल्या.

पहिलं दार गोदाक्काचं. ऐंशीची म्हातारी, कान तिखट.

"जोगवा... जोगवा घाला, आई." भागवत हळूच पुटपुटला.

"कोण रं? नीट म्हण की. देवी काय चोरून मागती का?"

तो नीट म्हणाला. गोदाक्कानं ज्वारीचं पीठ आणलं, ओंजळ परडीवर धरली, पण सोडलं नाही.

"तू भागवत न्हवं? माझ्या थोरल्याच्या लग्नात तू संबळ वाजवलास. पहाटं पहाटं हात ढिला पडला हुता तुझा."

"आक्का, बावीस वर्षं झाली त्याला!"

"हूं दे की. ढिला त्यो ढिलाच." आणि तिनं पीठ सोडलं.

बुवा मिशीतल्या मिशीत हसत होते. समितीनं भागवतला दोन पुरस्कार दिले होते, पण त्याचा हात कुठं ढिला पडला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं दार नव्या सुनेचं. ती आतूनच म्हणाली, "पुढं व्हा."

भागवतचे कान लाल झाले. तो तिथंच उभा राहिला.

"पुढं व्हा म्हणली, पुढं हो. तिच्या दारात आपुन अजून काय वाजवलंय?" बुवा म्हणाले.

तिसरं दार विठ्ठल लोहाराचं. लोहारानं हात पुसले आणि दिवटीसाठी पळीभर तेल वाटीत दिलं.

"पोरीचं जमलंय, बुवा. वैशाखात गोंधळ घालायचाय. आणि ह्ये सायब येणार असतील तर ह्यांनाबी आणा, पण वाजवायला. भाषणाला नगं."

भागवत हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला.

चौथं दार दस्तगीरचं. संबळाला कातडं चढवावं तर त्यानंच. तो तांदळाची पुडी घेऊन उंबऱ्यात उभाच होता.

"बुवा, आज उशीर? मी म्हटलं तब्येत बिघडली की काय. आता निघणारच होतो बघायला."

त्यानं पुडी परडीत ठेवली. मग भागवतचा उजवा हात धरून पालथा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला.

"घट्टे गेले की हो सगळे, भागवतभाऊ."

भागवतनं आपला तळवा न्याहाळला. हात त्यानं बराच वेळ तसाच ठेवला.

दोघं देवळापाशी आले. ड्रायव्हर गडबडीनं गाडीतून उतरला, साहेबांचे अनवाणी पाय बघून तिथंच घुटमळला.

भागवत पायरीवर बसला. परडी मांडीवर. पिठाखालून त्यानं तो कागद काढला, झटकला, खिशातलं पेन काढलं आणि खालून तिसरी ओळ खोडली. एकदा नाही, दोनदा. शेजारी स्वतःची सही केली.

"मसुदा माझा होता, बुवा. खोडायचा अधिकारही माझाच. समितीपुढं मी उभा राहीन. सांगेन, आमचे गुरू पाच घरी जोगवा मागतात आणि त्यांच्या शाळेतली वीस मुलंही मागतील. आणि सरकारनं पहिल्या घराचा मान घ्यावा."

मी तिथंच पायरीशी उभा होतो. खोटं कशाला सांगू, मला भारी अभिमान वाटला. आमच्या गल्लीतून गेलेलं पोर मंत्रालयात असं बोलणार होतं.

"शाब्बास," बुवा म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता करा सही."

"घरं किती झाली?"

भागवतनं बोटांवर मोजली. सरकार. गोदाक्का. लोहार. दस्तगीर.

"चार."

"मग सही कशी करू? पाच झाल्याबिगर मी संबळाला हात लावत नाही, ह्यो तर संबळाचाच कागद."

"चला की. समोरचं घर घेऊ. आता मी कुठंही मागेन, बुवा. लाज गेली माझी."

"समोरचं नगं. पाचवं तुझं."

"माझं?"

"लेक केवढी झाली तुझी?"

"नऊ वर्षांची."

"संबळ ऐकलाय तिनं?"

... 

भागवतनं नकारार्थी मान हलवली. त्याच्या घरात संबळ होता. दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, खाली दिवा लावलेला. पाहुणे आले की तो दाखवायचा.

"मंगळवारी पुण्याला येतो," बुवा म्हणाले. "तिच्या हातनं मूठभर घालायला लाव. तुझ्या उंबऱ्यात वाजवीन, आन् तिथंच सही करीन. बुधवारी तू कागद पोचव."

"या, बुवा. नक्की या. मी गाडी पाठवतो."

"गाडी नगं. जोगव्याला चालत यायचं असतं. यष्टीनं येतो, पुढं चालत. वाट म्हाईत हाय मला."

"वाट? ... तुम्ही कधी आला होता?"

बुवांनी परडी उचलली, काखेला लावली. दोन पावलं गेले, मग वळून म्हणाले,

"यावेळी तेवढं गेटवरच्या माणसाला सांगून ठेव."