आंबापोळी न झालेलं ताट

एकदा एका वाटीसारख्या खोलगट गावात एक शिष्य झेंडूचा हार घेऊन असा सुसाट धावला, की वाटेतल्या कोंबड्या म्हणे अजून त्या गावात परतलेल्या नाहीत. त्याच्या आनंदाला कारण होतं. गावात शेठजींच्या रंगाच्या भट्ट्या होत्या. उन्हाळ्याच्या दुपारी त्यांचा धूर आणि रंगाची वाफ उन्हात शिजून जमिनीलगत एक तिखट, अदृश्य हवा तयार होई. जाणकार तिला ओझोन म्हणत. शिष्याची आई दम्याची. ती तिला नुसतं 'मेली' म्हणे. यंदा मात्र वैशाख सरत आला तरी आईला एकदाही धाप लागली नव्हती.

"गुरुजी, चला लवकर. शेठजींनी भट्ट्या कमी पेटवल्या, हवा निवळली. आज गावसभा त्यांचा सत्कार करून नव्या भट्ट्यांना परवानगी देणार. पहिला हात माझा वर."

गुरुजींनी अंगणात वाळत ठेवलेलं एक ताट उचललं. सभेत शेठजींनी हारासाठी मान वाकवली, तोच गुरुजी ताट घेऊन पुढे झाले.

"माझाही सत्कार करा. यंदा मी आंबापोळीला रस कमी घातला. बघा, ताटात पोळीच नाही."

शेठजींनी ताटात बोट बुडवलं. ते पिवळंजर्द होऊन बाहेर आलं. शेठजी पोट धरून हसले. "अहो गुरुजी, रस काठोकाठ आहे की. महिनाभर हे आभाळ, वर हा वारा. ऊनच नाही, तर पोळी धरेल कशी?"

बोलून गेले, आणि बोट तसंच हवेत राहिलं.

"चाटा आता, शेठ," मागून एक म्हातारा म्हणाला.

गुरुजी शिष्याकडे वळले. "बाळ, धूर आणि वाफ हा माणसाने ओतलेला रस. तो शिजतो उन्हाने, साचतो वारा पडल्यावर. यंदा ढगांनी शिजू दिलं नाही, वाऱ्याने साचू दिलं नाही. रस खरंच कमी झाला का, हे पाहायचं तर गेल्या वर्षीच्या कडक उन्हाच्या, वारा पडलेल्या दुपारशी यंदाची तशीच दुपार ताडून बघ. ऊन-वारा आपल्या हाती नाही. ओतणं आहे."

परवानगी आभाळ उघडेपर्यंत लांबली.

दोनच दिवसांत ते उघडलं. वारा पडला. दुपार कलली तशी ताटात पोळी धरली, आणि घरातून आईची ओळखीची धाप ऐकू आली, गेल्या वर्षीइतकीच.

शिष्य पुन्हा सुसाट सुटला. या खेपेला हातात हार नव्हता, ताट होतं. आणि भट्ट्यांच्या वाटेवर त्याच्या मागे अख्खं गाव होतं.