पुस्तकांना बांधलेला धागा

“यातलं काय काय सोडू, भंतेजी?”

तक्षशिलेनं पुस्तकांचा गठ्ठा भंते उपसेन यांच्या पुढ्यात ठेवला. वंदन करायचंही तिला सुचलं नाही. बारावीची परीक्षा आठवड्यावर आली होती आणि पुस्तकांना अजून छापखान्याचा वास येत होता.

भंते विहाराच्या ओसरीवर चीवर शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वाचलंस काय काय?”

“अजून काही नाही.”

“मग सोडायचं काय राहिलं?”

विहारातल्या अभ्यासिकेच्या खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं.

तक्षशिलेचे कान तापले. तिला हसण्याची गावात कुणाची टाप नव्हती. दहावीला ती शाळेत पहिली आली होती. संस्थेनं चौकात तिच्या फोटोचा फलक लावला होता. त्यावर अध्यक्षांचा फोटो तिच्या फोटोच्या तिप्पट मोठा होता, पण तिचाही होता.

ते गुण कसे आले हे सगळ्या गावाला माहीत होतं. केंद्र गावातच, पर्यवेक्षक गावातलेच. गणिताच्या पेपरला उत्तरं फळ्यावर लिहून दिली, विज्ञानाच्या पेपरला खिडकीतून चिठ्ठ्या आल्या. तक्षशिलेचं अक्षर सुरेख आणि हात चपळ. तिनं सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा नीटनेटकं उतरवून घेतलं. म्हणून ती पहिली. पुढं फलक लागला, हारतुरे झाले, आणि आपण खरोखरच हुशार आहोत असं त्या पोरीला मनापासून वाटू लागलं.

मग ती त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानाला गेली. तिथं भौतिकशास्त्राला शिक्षक नव्हता. जागा रिकामी होती आणि ती भरायची कुणाला घाई नव्हती. रसायनशास्त्राचे सर कधी मतदार यादीच्या कामावर, कधी कसल्या तरी सर्वेक्षणावर. प्रयोगशाळेला कुलूप, पण प्रात्यक्षिकाचे गुण सगळ्यांना भरभरून. पालकसभेत प्राचार्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं होतं की पोरांनी जिवाला फार त्रास करून घेऊ नये, सेंटर आपलंच आहे. पालकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी शिकवण्याचा पगार घेतला त्यांनी पोरांना न शिकण्याची सवय लावली. या गुन्ह्याची फिर्याद कुठल्याच पोलीस ठाण्यात लिहून घेत नाहीत.

यंदा मात्र हॉलतिकीट हातात आलं, तर त्यावर दुसऱ्याच गावचं केंद्र. पर्यवेक्षकही बाहेरचे येणार होते. पोरं प्राचार्यांच्या घरी धावली. प्राचार्य दारातूनच म्हणाले, वरून आदेश आहे, मी काय करू? आणि दार लावून घेतलं.

तक्षशिला घरी आली तेव्हा तिची मोठी बहीण सुकेशनी भात गिरणीतून परतली होती. केसांत कोंडा, पापण्यांवर कोंडा. आई गेल्यावर सुकेशनीनं नववीतून शाळा सोडली आणि ती गिरणीत लागली, ती बहिणीनं शिकावं म्हणून. शिला पास होईल, नागपूरला नर्सिंगला जाईल, नोकरीला लागेल, मग आपण गिरणी सोडू, असं ती गिरणीतल्या बायांना सांगत असे. खोकल्याची उबळ आली की ती मध्येच थांबे, आणि उबळ ओसरली की वाक्य पुरं करी.

तक्षशिलेनं तिला केंद्र बदलल्याचं सांगितलं. सुकेशनीला त्यात काही वावगं दिसलं नाही. हुशार पोरीला कुठलंही केंद्र सारखंच.

म्हणून आज सकाळी तक्षशिला विहारात आली होती.

पोरं परीक्षेआधी भंतेंकडे येत त्याला एक कारण होतं. मागे एकदा भंतेंनी कुणाच्या तरी पुस्तकातल्या एका चित्रावर सहज बोट ठेवून हे काय आहे म्हणून विचारलं होतं. नेमकं तेच चित्र पेपरात आलं. तेव्हापासून परीक्षेचे दिवस आले की पोरं भंतेंपुढं पुस्तक उघडून बसत आणि त्यांच्या बोटाकडे डोळे लावत. भंते त्या दिवसांत हात चीवराच्या आत घेऊन हिंडत.

तक्षशिलेनं वरचं पुस्तक उघडून अनुक्रमणिका पुढं केली.

भंतेंनी सुई खाली ठेवली. दोन्ही हात चीवरात घेतले.

“बोट नको असेल तर निदान धागा तरी बांधा,” ती म्हणाली. “ताईनं सांगितलंय.”

हा धागा म्हणजे परित्राणाचा, रक्षणाचा. भंते पाठ म्हणतात आणि पांढरा धागा मनगटाला बांधतात. तो कुणी तोडत नाही. जीर्ण होऊन आपणहून गळेल तेव्हा गळू देतात. सुकेशनीच्या मनगटावर गेल्या बुद्धपौर्णिमेच्या धाग्याची मळकी गाठ अजून होती.

भंते उठले. आतून पांढऱ्या धाग्याचं रीळ घेऊन आले. पुन्हा बसले, डोळे मिटले, हलक्या आवाजात पाठ म्हणू लागले.

तक्षशिलेनं उजवा हात पुढं केला.

पाठ संपला. भंतेंनी तिचा हात अलगद बाजूला सारला आणि धागा पुस्तकांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळला. आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा. गाठ मारली, तिच्यावर आणखी एक गाठ मारली.

“भंतेजी... माझ्या हाताला.”

“तुला कशाला? वर्षभर यांनी तुला काही इजा केलेली दिसत नाही.”

त्यांनी सुई उचलली आणि शिवण पुढं चालू केली.

तक्षशिला गठ्ठ्याकडे पाहत राहिली. एक पुस्तक मधूनच ओढून निघतंय का ते तिनं पाहिलं. धागा कोपऱ्यांत रुतला होता. गाठ नखानं उकलेना. तोडायचा तर... परित्राणाचा धागा तोडायचा कसा?

तिनं विनवणी केली. वेळ नाही म्हणाली. मग चिडून विचारलं, तुम्ही माझी थट्टा करताय का? आठवडाच तर हातात आहे, त्यातला एक दिवस तुम्ही बांधून टाकलात.

भंते म्हणाले, “वर्ष गेलंच आहे, तोही त्यातच धर.”

त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.

ऊन पायरीवरून सरकत ओसरीवर चढलं. अभ्यासिकेतली पोरं जेवायला घरी गेली. तक्षशिला तिथंच बसून होती. समोर तिची पुस्तकं होती, हात मोकळे होते, आणि तिला ती उघडता येत नव्हती. सेंटर आपलंच आहे असं प्राचार्य म्हणाले तेव्हा ती अशीच बसून राहिली होती. तेव्हा मात्र बसून राहणं सुखाचं वाटलं होतं.

दुपारचा भोंगा झाला. गिरणीतून सुकेशनी डबा घेऊन लगबगीनं आली. चपला काढल्या, भंतेंना वाकून वंदन केलं. मग तिला तो गठ्ठा दिसला.

तिनं दोन्ही हातांनी धाग्याला स्पर्श केला आणि ते हात डोळ्यांना लावले.

“पुस्तकांलेच बांधून देला भंतेजींनं?” तिचा चेहरा उजळला. “मंग आता भेवाचं कामच नाही, शिला.”

ती बोलतच सुटली. आज मुकादमाला सांगून टाकलं की बहीण नोकरीला लागली की माझ्या जागी दुसरी बाई पाहा. मुकादम म्हणाला, तुझ्या बहिणीलाच लाव. त्यावर बाया हसल्या आणि तीही हसली, की नर्सबाई का पोती शिवणार आहे? बोलता बोलता तिला उबळ आली. केसांतला कोंडा पुस्तकांवर सांडला. तिनं तो पदरानं पुसून काढला, धागा हलणार नाही अशा बेतानं.

तक्षशिलेनं तिच्या हाताकडे पाहिलं.

“ताई, यातलं एखादं पुस्तक कधी उघडून पाहिलंस?”

“मले काय समजते त्यातलं? तुले समजते ना... झालं तर.”

तक्षशिला खाली वाकली. तिनं धागा दातांत धरला आणि तोडला.

सुकेशनीनं तोंडावर हात ठेवला. तिनं भंतेंकडे पाहिलं. भंते शिवत होते. त्यांचा टाका चुकला नाही.

तक्षशिलेनं वरचं पुस्तक घेतलं आणि पहिला धडा काढला. एक परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा ओळीखाली बोट धरून वाचला. अक्षरं ओळखीची होती, वाक्यं परकी. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातून निसटत होती. तिनं दुसरं पुस्तक उघडलं. तिथंही तेच.

सुकेशनी आशेनं तिच्या तोंडाकडे पाहत होती.

“समजून राहिलं ना?”

तक्षशिलेनं पान उलटलं.

“शिला?”

“नाही ताई.”

“आज नाही तर उद्या समजन.”

“नाही समजणार. दहावीचंही नव्हतं समजलं. सर फळ्यावर लिहायचे, मी उतरवून घ्यायची.”

 सुकेशनी मनाशी कसला तरी मेळ घालून पाहत होती आणि तो बसत नव्हता.

“मंग चौकात फोटो कोणाचा लावला त्यायनं?” तिनं विचारलं.

त्या प्रश्नात राग नव्हता. राग असता तर तक्षशिलेला सोपं गेलं असतं. ज्यांनी उत्तर द्यायला हवं होतं ते त्या वेळी आपापल्या घरी जेवून वामकुक्षी घेत होते.

भोंगा पुन्हा झाला. उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. सुकेशनी उठली. तुटलेल्या धाग्याचे तुकडे तिनं गोळा केले, कुठं ठेवावेत ते तिला कळेना, शेवटी ते तिनं पदराच्या टोकाला बांधले.

“जेवून घेजो,” ती म्हणाली.

येताना ती लगबगीनं आली होती. जाताना पायऱ्या उतरायलाही तिला वेळ लागला. फाटकापाशी उबळ आली तेव्हा ती थांबली. या खेपेला उबळ ओसरल्यावर पुरं करायला तिच्याजवळ वाक्य नव्हतं.

ती दिसेनाशी होईपर्यंत तक्षशिला पाहत राहिली. मग तिनं मान वळवली.

“पाहिलंत ना, काय केलंत तुम्ही?”

“पाहिलं.”

“तिला निकालापर्यंत तरी सुखानं राहू द्यायचं होतं.”

 भंतेंचे हात थांबले होते. ते फाटकाकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा एकाएकी फार थकलेला दिसला.

“सगळं एका आठवड्यात होत नाही ना, भंतेजी?”

“नाही.”

“म्हणजे मी नापास होणार.”

“होशील.”

तक्षशिलेला वाटलं होतं, ते काहीतरी म्हणतील. धीर देतील, नाहीतर निदान रागावतील. सगळे जे खोटं बोलतात तेवढं तरी बोलतील...

विहारात कुणीच नव्हतं. डबा तसाच बंद होता. वाऱ्यानं पुस्तकाची पानं फडफडली आणि तिनं नकळत त्यांच्यावर हात ठेवला.

“मग आता हे वाचून काय उपयोग?”

भंते उपसेन यांनी चीवराची घडी करून बाजूला ठेवली. ते ओसरीवरून सरकत तिच्या शेजारी आले आणि पुस्तकावर वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

“हा धडा मीही कधी वाचलेला नाही,” ते म्हणाले. “मोठ्यानं वाच.”