छातीवरचा चेहरा

सांगलीच्या पेंटबॉल लीगमध्ये पाइपवाले दिनकरराव शेटे यंदा एकाच महिला संघाला प्रायोजक म्हणून लाभणार होते. दुसऱ्या संघाने गाशा गुंडाळायचा, हे ठरलेलंच. दोन्ही कर्णधार त्यांच्या बंगल्यावर आल्या. केतकीची इस्त्रीची जर्सी पाहून हर्षदाचा जळफळाट झाला. हर्षदाच्या खांद्यावर लेकराने ओकलेल्या दुधाचा डाग होता.

"माझा चेहरा गावाच्या लक्षात राहिला पाहिजे," दिनकरराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "काय कराल?"

"जर्सीवर छातीभर तुमचाच फोटो, साहेब!" केतकी चटकन म्हणाली.

दिनकरराव असे खुलले की हर्षदाला वाटलं, संपलं सगळं. हिलाच बरं सगळं आधी सुचतं! आपण नुसतं कुढत बसायचं.

"आणि तुम्ही हो, बाई?"

"कल्पना झकासच आहे," हर्षदा म्हणाली. "फक्त आमच्या खेळात बंदुकीने रंगाच्या गोळ्या छातीवर नेम धरूनच मारतात. फायनलला मिरजेच्या पोरी तुमच्या नाकावर पिवळा फोडतील, मिशीवर हिरवा, आणि अख्खं गाव टाळ्या वाजवेल."

मिशीवरचा हात थांबला. "मग फोटो लावायचा कुठे?"

"चषकावर, साहेब. त्याला कुणी गोळी मारत नाही. जिंकणारी त्याला कडेवर घेते, आणि पेपरात तोच फोटो येतो."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तरी चेहरा तुमचाच. फक्त मिरजेच्या कडेवर."

दिनकरराव खो खो हसले आणि त्यांनी हर्षदाचा संघ पक्का केला. केतकीने तिच्याकडे असं जळजळीत पाहिलं, की प्रायोजक मिळाल्यापेक्षाही हर्षदाला त्या नजरेचंच सुख जास्त झालं.