भिंतीबाहेरची कबर

आपल्या पणजोबांच्याही आधीची, फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका ख्रिस्ती गावात एक नावाडी राहत होता. आपल्यासारखी नाव कुणालाच हाकता येत नाही, असा त्याला भारी ताठा.

एकदा नदी फुगलेली असताना इनास नावाचा तरुण त्याच्या नावेत बसला. मध्यावर आल्यावर इनास म्हणाला, "दादा, मागे फिरू या." नावाडी हसला आणि वल्हं मारत राहिला. नाव खडकावर आपटली. इनास पाण्यात पडला तो जिवंत परत आलाच नाही.

आता आपल्या नावेत कोण बसणार, या भीतीने नावाड्याने गावात सांगितलं, "त्याने आपणहून उडी टाकली."

त्या काळी जीव देणाऱ्याला पवित्र मातीत जागा नसे. इनासला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. त्याची विधवा आई दर रविवारी देवळातली मिस्सा-प्रार्थना झाली की तिथे जाऊन उभी राही. रडत मात्र नसे.

काही वर्षांनी नावाड्याचे हात थरथरू लागले. झोप उडाली, अन्न जाईना. वैद्य हरले, तेव्हा तो पाद्रीबाबांकडे गेला. त्यांनी कपाळाला पवित्र तेल लावून प्रार्थना केली. गुण आला नाही. तिसऱ्या खेपेला नावाड्याने सगळं सांगून टाकलं.

"रोज देवाची क्षमा मागतो मी, बाबा."

"आणि तिची?"

 नावाड्याने इनासच्या म्हाताऱ्या आईकडे तांदूळ पाठवले, नवं लुगडं पाठवलं. ते कशासाठी, हे तिला कळलंच नाही. असं आणखी एक वर्ष गेलं.

शेवटी एका रविवारी, भरल्या देवळात, तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "मावशी, इनासने उडी टाकली नाही. तो मागे फिरू म्हणत होता. मी ऐकलं नाही. वर खोटं बोललो."

 म्हातारी म्हणाली, "मला टाकून गेला म्हणून इतकी वर्षं मी त्याच्यावरच रागावले होते रे. आधी मला त्याची माफी मागू दे." काठी टेकत ती भिंतीबाहेरच्या कबरीकडे गेली.

गावाने इनासला भिंतीच्या आत आणलं. नावाड्याच्या नावेत पुन्हा कुणी पाय ठेवला नाही.

तो दर रविवारी म्हातारीच्या दारात खाली बसे. ती प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला घेई आणि 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी थांबे. "आज नाही जमत," म्हणे. तो मान खाली घालून उठे.

पुढे ती अंथरुणाला खिळली. एका रविवारी ती त्याच ओळीपाशी अडखळली, पण या वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिने ती ओळ पुरी केली. तीन दिवसांनी ती गेली.

नावाड्याचे हात काही बरे झाले नाहीत. तिच्या पेटीला खांदा द्यायला मात्र गावाने त्याला हाक मारली. त्या दिवशी घरी येऊन तो कितीतरी वर्षांनी चार घास जेवला.

देवाची क्षमा मागणाऱ्याने, ज्याचं मन मोडलं त्याच्याही दारात खाली बसावं आणि लागेल तितकी वाट पाहावी.